तीन नंबरचा जॉ

लेथवर कातायचा तुकडा, म्हणजे जॉब, धरून फिरवणारी पकड म्हणजे चक, आणि तिचे जबडे म्हणजे जॉ. आमच्या लाइनीत तीन जबड्यांच्या चकाला 'ट्रू चक' म्हणतात आणि चार जबड्यांच्या चकाला 'डॉग चक'. कॅटलॉगमध्ये सेल्फ सेंटरिंग आणि इंडिपेंडंट अशी भारदस्त नावं असतात. पण नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कुठल्याही गाळ्यात जाऊन 'ट्रू चक दे रे' म्हणा, कालच लागलेलं पोरगंसुद्धा बरोबर तोच उचलून आणेल. डॉग चकात चारही जॉ वेगवेगळे सरकवायचे, जॉब मध्यावर आणायचं काम आपलं. ट्रू चकात एका ठिकाणी चावी फिरवली की तिन्ही जॉ एकदम आणि सारखे आत येतात, जॉब आपोआप मध्यावर बसतो. म्हणून ट्रू. तर माझा हा ट्रू चक कित्येक वर्षं माझ्याशी खोटं बोलत होता, आणि ते मला कळलं गेल्या ऑक्टोबरात.

ऑक्टोबर म्हणजे द्राक्षछाटणी. छाटणी होऊन कोंब फुटायला लागले की पोंगा अवस्थेत पाऊस यावा आणि डावणी रोगानं डोकं वर काढावं, हे आता दरवर्षीचंच. त्या दिवसांत फवारणी एक दिवसही मागे ठेवता येत नाही. अशात मोहाडीचे एक भाऊ संध्याकाळी सात वाजता फवारणीच्या ब्लोअरच्या पंख्याचा शाफ्ट गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. बेअरिंगची जागा पार खाल्लेली. "दादा, उद्या सकाळी औषध मारायचंय," एवढं बोलून ते तिथेच स्टुलावर बसले. आता हा माणूस शाफ्ट घेतल्याशिवाय उठणार नाही हे मला कळलं.

वेल्डिंगनं जागा भरून घेतली. शाफ्टचं चांगलं टोक ट्रू चकात धरलं, शेजारच्या शाबूत भागावर डायल, म्हणजे जॉब मध्यापासून किती हलतो ते काट्यानं दाखवणारं घड्याळ, लावला आणि चक हातानं फिरवला. काटा एका बाजूला पळाला, परत आला. पंचवीस शतांश. म्हणजे पाव मिलिमीटर आऊट. बेअरिंगच्या जागेला एखादा शतांश इकडेतिकडे खपतो, पाव मिलिमीटर म्हणजे पंखा हादरून हादरून ब्लोअरच फोडेल. जॉब काढला, जॉ पुसले, पुन्हा धरला. पंचवीस. शाफ्ट वाकडा असेल म्हणून चांगल्या ग्राइंड केलेल्या पिनेवर बघितलं, तिथेही तेच.

मग ही खोड इतकी वर्षं कळली कशी नाही? त्याचं उत्तर सोपं आहे आणि मला लाज आणणारं आहे. एकाच पकडीत जॉब पूर्ण कातून काढला तर चक कितीही आऊट असला तरी फरक पडत नाही. हत्यार जे कापतं ते स्पिंडलच्याच मध्यावर कापतं. चकाचं खोटं उघडं पडतं ते जॉब सोडून, उलटा करून पुन्हा धरला की. माझं निम्मं काम बुश आणि वॉशरचं, एका पकडीतलं. उरलेल्या कामात कुठे थोडं आऊट गेलंच तर सिगारेटच्या पाकिटातला कागद एका जॉखाली सरकवायचा, ही आमच्याकडची जुनी विद्या. मी स्वतः विडीसुद्धा ओढत नाही, पण गाळ्यात रिकामी पाकिटं कायम असतात. कागद लावला की काम भागायचं, आणि काम भागलं की प्रश्न संपायचा.

त्या रात्री ट्रू चक उतरवला, डॉग चक चढवला आणि डायल बघत बघत चारही जॉ जुळवून शाफ्ट मध्यावर आणला. अर्धा तास गेला. साडेदहाला भाऊ शाफ्ट घेऊन गेले. जाताना म्हणाले, "मशीन जुनं झालं का हो?" वाक्य साधंच होतं, पण मला लागलं.

पुढच्या सुट्टीला चक खोलला. हा चक मी 2012 साली अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून घेतलेला. ज्यांनी तो बाजार पाहिलाय त्यांना सांगायला नको. सुईपासून क्रेनपर्यंत काहीही मिळायचं तिथे. 2017 च्या जानेवारीत महापालिकेनं तो बाजार उठवला. चक मिळाला तेव्हा त्यात जॉ नव्हतेच. दुकानदारानं एक पोतं ओतलं, त्यात पन्नासेक जॉ होते, आणि म्हणाला, "घ्या निवडून." मीही मोठ्या ऐटीत निवडले. एक, दोन, तीन असे नंबर बघितले, खाचेत सरकतात का ते बघितलं, चावी फिरवून तिन्ही मध्यावर येतात हेही बघितलं. किलोच्या भावानं पैसे दिले आणि आपण फार हुशार आहोत अशा थाटात घरी आलो.

ट्रू चकाच्या पोटात काय असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आत एक जाड पोलादी थाळी असते, तिच्या तोंडावर भली मोठी चकली. खरोखर चकलीच, मधून सुरू होऊन बाहेर उलगडत जाणारी, दोन वेढ्यांतलं अंतर सगळीकडे सारखं. थाळीच्या पाठीवर दाते असतात, त्यात तीन छोटे पिनियन, म्हणजे दातेरी चाकं, अडकलेले. चावीनं एक पिनियन फिरवला की थाळी फिरते, आणि चकलीच्या वेढ्यांत दात रोवून बसलेले तिन्ही जॉ आत किंवा बाहेर सरकतात. थाळीचा एक फेरा, जॉचा एक टप्पा, म्हणजे दोन वेढ्यांतलं ते अंतर.

आता गंमत अशी की चकलीचा वेढा तिन्ही खाचांसमोर एकाच ठिकाणी येत नाही. पहिल्या खाचेशी तो जिथे असतो त्याहून दुसऱ्या खाचेशी एक तृतीयांश टप्पा सरकलेला, तिसरीशी दोन तृतीयांश. टप्पा नऊ मिलिमीटरचा धरला तर तीन आणि सहा. म्हणून तिन्ही जॉ दिसायला भावंडं असली तरी दातांची जागा प्रत्येकाची वेगळी, म्हणून त्यांच्यावर नंबर, आणि म्हणून ते एक-दोन-तीन याच क्रमानं आत घालायचे. दोन आणि तीनची अदलाबदल केली की जॉ मध्यावर भेटतच नाहीत. ही चूक लगेच दिसते, तिची भीती नाही.

भीती दुसरीच. चांगला कारखाना तिन्ही जॉ त्याच चकात बसवून, त्यांच्या धरायच्या कडा तिथेच ग्राइंड करतो. तो चक आणि ते तीन जॉ यांचं लग्न तिथे लागतं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चकाचा तीन नंबरचा जॉ याच्यात सुखानं बसेल, सुखानं सरकेल, आणि मध्य मात्र चुकवेल. म्हणून कारखाने चकाचा अनुक्रमांक जॉवरही ठोकतात.

रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला एक नंबरचा जॉ ब्रशनं घासला. कडेला बारीक आकडे निघाले. दोन नंबरवर तेच आकडे. चकाच्या तोंडावर, काळ्या थराखाली, तेच आकडे. तीन नंबरवर वेगळे. शेवटी 690.

मी बराच वेळ तो जॉ हातात धरून बसलो. इतकी वर्षं. किती जॉब कागद लावून सरळ केले असतील, आणि किती वेळा पोरांवर ओरडलो असेन की नीट धरत नाहीस म्हणून.

सुरगाण्याचं एक पोरगं माझ्याकडे शिकतंय. सगळे त्याला छोटू म्हणतात, मीही. एवढं रामायण चालू असताना तो चकाचं तोंड घासत होता. म्हणाला, "काका, इथे बैल आहे." बघतो तर खरंच एक जनावर, निम्मं झिजलेलं. चार पाय, खाली घातलेलं डोकं आणि खांद्यावर उंचवटा. बाजूला इंग्रजीत 'मेड इन', आणि पुढे देशाच्या नावाच्या जागी गुळगुळीत लोखंड. मेड इन काहीच नाही.

"बैल नाही, नंदी आहे," चहा घेऊन आलेल्या अण्णानं निकाल दिला. "कपालेश्वराचा हरवलेला." पंचवटीतल्या कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही, हे नाशकात लहान मुलालाही माहीत असतं. बाहेरगावच्या पाहुण्याला आपण ते मुद्दाम दाखवायला नेतो. तर तो नंदी इतकी वर्षं सातपूरला माझ्या लेथवर फिरत होता, असा अण्णाचा शोध.

तात्यांना फोटो पाठवला. तात्या माझे गुरू, आता ऐंशीच्या घरात, नाशिकरोडला असतात. त्यांचा लगेच फोन. "गवा आहे तो. पोलंडचा. अरे, आमच्या वेळी हे ढिगानं यायचे. रशिया, पोलंड, झेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी. रुपयात व्यवहार व्हायचा, डॉलर लागायचा नाही." ते खरंच होतं. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात पूर्व युरोपाशी रुपयांत व्यापार चालायचा आणि आपल्या कारखान्यांत तिकडची यंत्रं भरून यायची. ओझरला तर 1964 पासून मिगचा कारखाना, सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला. आमच्या भागातल्या जुन्या टर्नर लोकांना रशियन पाट्या वाचता येत नव्हत्या, पण लिव्हर कुठला कशाचा ते पाठ होतं.

गवा सापडला म्हटल्यावर पुढचं सोपं गेलं. पूर्व पोलंडमध्ये बियालिस्टोक नावाचं शहर आहे, तिथे या गव्याच्या छापाचे, बायसन नावाचे चक बनतात. छाप उगाच नाही. शहरापासून जवळच बियालोविएझाचं जंगल आहे, युरोपातल्या रानगव्यांच्या शेवटच्या घरांपैकी एक. त्या जंगलातला शेवटचा मोकळा गवा 1919 मध्ये मारला गेला. मग प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास करून 1952 मध्ये त्यांना पुन्हा जंगलात सोडायला सुरुवात झाली. हे वाचताना रात्रीचा एक वाजला. चकाचा जॉ शोधायला बसलेला माणूस गव्यांच्या वंशावळीत शिरतो, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं तात्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मापं घेतलीस का?"

घेतली नव्हती. तात्यांनी फोनवरच सांगत सांगत घ्यायला लावली. चकाच्या अंगाचा व्यास: 160. हा आकडा ठरावीकच असतो, 100, 125, 160, 200, 250 अशी पायरी. मधलंच काही आलं तर आपलं व्हर्निअर बघावं किंवा चक इंची मापाचा आहे का ते बघावं. मग जॉची रुंदी, त्याच्या दोन्ही अंगांना कोरलेल्या खाचेची रुंदी, आणि ती खाच वरून किती खाली आहे ते. जॉ चकात धरून ठेवते ती ही खाच, आणि ती किंचित जरी जाड-बारीक असेल तर जॉ एकतर शिरत नाही, नाहीतर खडखडतो. मग दातांचा टप्पा. तो दोन दातांत व्हर्निअर घालून मोजू नका, तात्या म्हणाले, दात झिजलेले असतात. थाळीला खडूची खूण कर, एक पूर्ण फेरा दे, आणि जॉ किती सरकला ते मोज. ही युक्ती मला तीस वर्षांत सुचली नव्हती.

आणि दातांचा बाक. जॉचे दात सरळ नसतात, धनुष्यासारखे वाकलेले असतात, कारण चकलीचा वेढा वाकलेला. आतल्या वेढ्याचा बाक जास्त, बाहेरच्याचा कमी. दातानं दोन्हीकडे जुळवून घ्यायचं, म्हणून तो पूर्ण कधीच टेकत नाही, एका पट्टीवरच टेकतो. त्याच पट्टीवर झिजतो. एकसंध जॉ उलटा करून वापरता येत नाही तोही या बाकामुळेच. म्हणून अशा चकाला जॉचे दोन सेट लागतात, एक आतून-बाहेरून नेहमीसारखं धरायला आणि एक मोठ्या व्यासाचा जॉब धरायला. दोन तुकड्यांचे जॉ असतील तर वरचा तुकडा बोल्ट काढून फिरवता येतो. माझे एकसंध. भंगारातून आणलेले असल्यामुळे दुसरा सेट माझ्याकडे कधी नव्हताच.

तात्या मापं ऐकून म्हणाले, "आता नागदेवीला जा. गव्याची गोष्ट तिथे सांगत बसू नकोस."

तात्यांसारख्या माणसाला आपण टर्नर म्हणतो. मराठीत त्याला जुना शब्द आहे, कातारी. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे कातणारा. कातारी लाकूड दोन टोकांच्या मध्ये धरायचा आणि दोरीनं पुढे-मागे फिरवायचा. त्याला चक नव्हता. त्यामुळे जॉब किती वेळा काढून पुन्हा चढवला तरी त्याच दोन खड्ड्यांत बसायचा आणि आऊट जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही पकड आणली आणि पकडीबरोबर ही कटकट आणली. तात्यांना एकदा हे ऐकवलं तर म्हणाले, "मग सगळंच सेंटर टू सेंटर कर, आणि बुशला बोअर मार कसा मारतोस ते." तेही खरंच.

पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. नागदेवी स्ट्रीट म्हणजे आम्हा लोकांची पंढरी. ड्रिल, टॅप, बेअरिंग, माप घ्यायची हत्यारं, गल्लीच्या दोन्ही बाजूंनी दुकानं. तिसऱ्या दुकानात एका म्हाताऱ्या शेठनं मापांचा कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. "एक जॉ?" ते म्हणाले. "तीन नंबरचा फक्त?"

"हो."

"भाई, एका पायाची चप्पल मिळते का कुठे?"

सेटच घ्यावा लागणार होता. त्यांनी आतल्या पोराला हाक मारली. माळ्यावरून तेलकट कागदात गुंडाळलेले तीन जॉ खाली आले. माझा दोन नंबरचा जॉ सोबत नेला होता. शेजारी ठेवून खाच, रुंदी, टप्पा सगळं लावून बघितलं. जुळलं. किंमत ऐकल्यावर मी गप्प झालो. शेठनी माझा चेहरा वाचला आणि सरळ सांगितलं की यात थोडी भर घातली तर चेन्नईच्या गिंडी कंपनीचा नवा कोरा चक येतो, जॉचे दोन्ही सेट आणि चावीसकट.

हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. मी स्वतः दुसऱ्या कुणाला हाच सल्ला दिला असता. जुन्या चकाची थाळी झिजलेली असते, खाचा झिजलेल्या असतात, त्यात नवे जॉ घालणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवी कॉलर. तरी मी जॉ घेतले. का घेतले ते मला नीट सांगता येणार नाही. गव्याचा थोडा हात होता. भाऊंच्या त्या वाक्याचा जास्त होता.

नवे जॉ आणले म्हणून चक लगेच ट्रू होत नाही हे शेठनी बजावलं होतंच. घरी येऊन डायल लावला तर अकरा शतांश. आधीपेक्षा बरं, पण जॉ त्याच चकात ग्राइंड केल्याशिवाय गत्यंतर नाही. शेजारच्या गाळ्यातून टूल पोस्टवर बसणारं ग्राइंडर मागून आणलं. लेथच्या बेडवर, स्लाइडवर, सगळीकडे ओल्या जुन्या चादरी अंथरल्या. ग्राइंडिंगच्या दगडाची भुकटी बेडमध्ये गेली तर जॉ नीट व्हायचे आणि लेथ मरायचा.

यातली खरी खोच अशी की जॉ मोकळे असताना ग्राइंड करून उपयोग नाही. जॉब धरल्यावर त्यांच्यावर ताण येतो, खाचेतली ढिलाई एका बाजूला जाते, जॉ पुढच्या टोकाशी किंचित उघडतात. वर्षानुवर्षं टोकातच आखूड जॉब धरले की झिजून तिथे घंटेसारखं तोंड होतं ते यामुळेच. म्हणजे ग्राइंड करतानाही जॉनी काहीतरी धरलेलं असायला हवं, आणि तरी त्यांच्या धरायच्या कडा दगडाला मोकळ्या मिळायला हव्यात. त्यासाठी एक पातळ पत्रा कापला, तीन पाकळ्यांचा, बेलाच्या पानासारखा. पाकळ्या जॉच्या पुढच्या टोकांना कडेकडेनं दाबून धरतात आणि मधून दगड जायला वाट राहते. पत्रा कापायला एक दिवस गेला, ग्राइंडिंगला दीड तास. चक अगदी सावकाश फिरवत, एका वेळी केसाएवढंही नाही असं घेत. तिन्ही जॉवर ठिणगी सारखी उडायला लागली तेव्हा थांबलो.

सगळं पुसलं, धुतलं. तिन्ही पिनियनपैकी एकाशेजारी कारखान्यानं ठोकलेला ठिपका होता. घट्ट करताना नेहमी तोच वापरायचा, म्हणजे पकड दर वेळी सारखी येते. इतकी वर्षं मी हाताला येईल त्या भोकात चावी घालत होतो. ठिपक्यावर चावी लावली, पीन धरली, डायल लावला. छोटू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. तीन शतांश.

"तीनच?" तो म्हणाला. त्याला शून्य हवं होतं. नव्या चकालासुद्धा पाच-सहा शतांश माफ असतात हे त्याला समजावलं, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही. बरं वाटलं मला ते. चावी चकात तशीच राहिली होती, ती त्यानं न सांगता काढून ठेवली, तेही बरं वाटलं. लेथ सुरू करताना चावी चकात राहिली तर ती गोळीसारखी सुटते. हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

उरला तो जॉ. 690 वाला तीन नंबर. त्याचा एक आणि दोन कुठेतरी असणार. त्याच पोत्यातून दुसऱ्या कुणीतरी माझ्यासारखेच नंबर बघून एक, दोन, तीन निवडले असणार, आणि माझ्या चकाचा खरा तीन नंबर त्याच्याकडे गेला असणार. म्हणजे या पंचक्रोशीत कुठेतरी एक टर्नर आहे, त्याचा चक पाव मिलिमीटर आऊट जातो, आणि तो पाकिटातले कागद लावून काम भागवतोय. विचारायचं तर तो भंगारवाला राहिला नाही, त्याचं दुकान राहिलं नाही. जॉबवर्कवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. दोघांनी अंगठा दाखवला, एकानं विचारलं विकायचाय का.

मग मी शटरच्या आतल्या बाजूला, सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, खडूनं मोठ्ठं लिहून ठेवलं: 690. खाली काही लिहिलं नाही. ज्याचं असेल त्याला कळेल.

गेल्या आठवड्यात माल टाकायला आलेला टेम्पोवाला बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभा होता. मी आशेनं पुढे झालो. त्यानं इकडेतिकडे बघितलं, जवळ आला आणि हळूच विचारलं, "शेठ, कल्याणला लागणार का मुंबईला?"